मुलांचा पहिला कॅमेरा: कॅनन १५००डी, तोही सेकंड हँड

कॅनन १५००डी हा लेन्स बदलता येणारा कॅमेरा २०१८ साली आला तेव्हाच जरा मागे पडलेला वाटत होता. फोकस धरायच्या जागा (पॉइंट) नऊच, सेकंदाला फोटो तीन, स्क्रीन ना टचची ना हलणारी. मोठ्या माणसाने आज तो नवा घ्यावा असं आम्ही सांगणार नाही. पण फोटोचं खरोखर वेड असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला द्यायचा असेल आणि सेकंड हँड मिळत असेल, तर याच्याइतका चोख सौदा क्वचितच सापडतो. डोळा लावायला खराखुरा व्ह्यूफाइंडर आहे, बटण दाबताच फोटो पडतो, आणि पुढे शिकायला लागणारं सगळं, म्हणजे शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं), आयएसओ (उजेड किती वाढवून टिपायचा), हाताने बदलता येतं.

आधी दोन पर्याय बाजूला काढू. ऑनलाइन मिळणारे रंगीबेरंगी ‘किड्स कॅमेरे’ खोक्यावर ४० मेगापिक्सेल लिहितात. आत सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, नखाएवढाही नसतो, आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. बहुतेकांचा फोकस एकाच अंतरावर पक्का बसवलेला, त्यामुळे जवळचं फूल कायम धूसर. बटण दाबल्यावर फोटो पडेपर्यंत मांजर निघून गेलेलं असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला काही द्यायचंच असेल, तर घरातला जुना मोबाइल सिम काढून द्यावा, तो केव्हाही सरस.

दुसरा पर्याय फुजीचा इन्स्टॅक्स मिनी १२. वाढदिवसाला धमाल येते, पण एका पाकिटात दहाच फिल्म आणि एका फोटोला साधारण पन्नास रुपये. शिकायला हजार फोटो चुकवावे लागतात, हिशेब तुम्हीच करा. शिवाय फ्लॅश दरवेळी उडतोच, बंद करायची सोयच नाही.

आता १५००डी. बॅटरी आणि कार्डासकट ४७५ ग्रॅम, कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ एमएमची किट लेन्स साधारण २०० ग्रॅम. आठ वर्षांच्या मुलाच्या मनगटाला हे जड जातं, दहाव्या वर्षी जमतं. डावा तळवा लेन्सखाली, कोपरं छातीशी: ही पकड पहिल्याच दिवशी लावून घ्या. पट्टा लहान करा, नाहीतर जेवायच्या टेबलावर कॅमेरा आपटणार. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला छोटी चकती असते, ती फिरवून आतले फोकसचे ठिपके मुलाला स्पष्ट दिसतात का ते त्याच्याच डोळ्याने ठरवा. ही चकती न फिरवल्यामुळे ‘कॅमेऱ्यात धूसर दिसतं’ अशी तक्रार करणारी मुलं कितीतरी.

दुसरी ठरलेली तक्रार, ‘बटण दाबलं तरी फोटो पडत नाही’. वन शॉट फोकसमध्ये (एकदा बसला की तिथेच थांबणारा फोकस) फोकस बसल्याशिवाय शटर सुटत नाही, आणि मुलं फुलाच्या अगदी नाकाशी जातात. किट लेन्स २५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नाही, सेन्सरपासून मोजायचं. कॅमेऱ्याच्या माथ्यावर वर्तुळातून रेघ गेल्याची खूण असते, तिथे सेन्सर.

सुरुवातीची मांडणी अशी ठेवा: डायल ‘पी’वर (शटर आणि ॲपर्चर कॅमेराच ठरवतो), आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ३२००, फोकस फक्त मधला पॉइंट. नवांपैकी तोच एक क्रॉस पद्धतीचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे, संध्याकाळच्या उजेडात बाकीचे चाचपडतात. ‘पी’ निवडायचं आणखी एक कारण म्हणजे ऑटोमध्ये फ्लॅश स्वतःहून उघडतो, ‘पी’मध्ये नाही. स्क्रीनवर बघून फोटो काढायची सवय मात्र लावू देऊ नका, त्या पद्धतीत याचा फोकस फारच सावकाश बसतो.

दुसरी लेन्स घ्यायची वेळ आली की सगळे ५० एमएम एफ १.८ सुचवतात (एफचा आकडा जितका लहान, तितकं ॲपर्चर जास्त उघडतं). स्वस्त आहे, छानही आहे. पण या सेन्सरवर ती ८० एमएमसारखी बघते, म्हणजे दृश्य अरुंद होतं, आणि आपल्या खोल्यांत माणूस चौकटीत बसवायला पाठ भिंतीला टेकते. आमचं मत २४ एमएम एफ २.८ एसटीएमला: १२५ ग्रॅम, १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, किडे-फुलांच्या वेडाला तीच पुरते.

जुना कॅमेरा मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात बघा किंवा ओळखीच्या दुकानात, पण हातात घेऊन, आपलं कार्ड टाकून. नव्याच्या निम्म्याहून जास्त मागितले तर उठावं. लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स फुकटही नको. मग डायल ‘एव्ही’वर (ॲपर्चर आपण ठरवायचं) ठेवून आधी सर्वांत उघड्या ॲपर्चरवर, नंतर एफ ८ आणि एफ १६वर फोटो काढा. उघड्यावर फोटो येतो आणि पुढे ‘एरर ०१’ दिसतं, तर बहुधा लेन्समधली ॲपर्चर चालवणारी वायरची पट्टी तुटली आहे. जुन्या किट लेन्समध्ये हे नेहमीचं. एफ २२वर पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या, काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, त्यावरून भाव पाडायचा. शटर किती वेळा पडलं हे या कॅमेऱ्याच्या फोटोतून कळत नाही आणि फाइलचा नंबर ९९९९ नंतर पुन्हा सुरू होतो, तेव्हा ‘फक्त दोन हजार फोटो काढलेत’ यावर विसंबू नका.

कॅननचाच ३०००डी स्वस्तात मिळाला तरी टाळा. लेन्स बसते ती कडी प्लास्टिकची, आणि वर सांगितलेली ती चकतीच नाही. निकॉन डी३५०० मात्र जरूर बघा: हलका, बॅटरी दांडगी, डायलवरचा ‘गाइड’ मोड नवशिक्याला हात धरून नेतो. अडचण एवढीच की त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, म्हणून बाजारात स्वस्त मिळणारी ५० एमएम एफ १.८डी त्यावर ऑटोफोकस करत नाही. कॅननला त्याचीच कुठलीही जुनी ईएफ लेन्स लावा, मोटर लेन्समध्येच असल्याने फोकस होतो.

बाहेरचा फ्लॅश घेताना सांभाळा. १५००डीच्या हॉट शूमध्ये (फ्लॅश बसवायची माथ्यावरची खाच) मधला संपर्क बिंदू दिलेलाच नाही, त्यामुळे त्याच एका बिंदूवर चालणारे साधे मॅन्युअल फ्लॅश पेटत नाहीत. दुकानात लावून बघूनच पैसे द्या.

पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत आणि कपाटात कोंडू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, सोबत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहायला हवा. जेलचा रंग बदलला की ते पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापवून पुन्हा वापरता येतं. कोकणात आणि मुंबईत हे जून ते ऑक्टोबर करावंच लागतं.