कन्व्हर्टर बदलण्याआधी हा स्कॅनर लावून बघा

माझी पेट्रोल गाडी प्रदूषण चाचणीत नापास झाली. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर. गॅरेजवाल्यांनी गाडीखाली डोकावून ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय, नवा टाका’ असं सांगितलं. धुरातले विषारी वायू कमी करणारा हा एवढा महागडा भाग, आणि तो कशाने गेला हे कुणी सांगेना. म्हणून मी हा ब्लूटूथवर चालणारा ओबीडी-२ स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) मागवला. काडेपेटीएवढा आहे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचा, इग्निशन ऑन करायचं आणि मोबाइलच्या अ‍ॅपला जोडायचा.

चेक इंजिनचा दिवा एकदाही लागला नव्हता, तरी पेंडिंग कोडमध्ये (अजून पक्क्या न झालेल्या बिघाडांच्या नोंदीत) पी०१२८ निघाला, म्हणजे कूलंट हवं तेवढं तापत नाही. पण माझे पैसे वसूल केले ते लाइव्ह डेटाच्या पानाने. नवऱ्याला गाडी चालवायला लावली आणि मी शेजारी बसून कूलंटचं तापमान बघत राहिले. उभ्या गाडीत ते ७८ अंशांपर्यंत चढायचं, वेग घेतला की ६२ वर घसरायचं. खरं तर ते ९० च्या आसपास जाऊन तिथेच टिकायला हवं. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकला होता! इंजिन अजून गारच आहे असं समजून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जास्तीचं पेट्रोल सोडत होता, आणि ते पुरतं न जळल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड वाढत होता.

थर्मोस्टॅट आणि कूलंट बदललं. इंजिन नीट तापल्यावर ऑक्सिजन सेन्सर तपासले. कन्व्हर्टरच्या आधीचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये हेलकावे खात होता, नंतरचा ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर. म्हणजे कन्व्हर्टर ते हेलकावे शोषून घेतोय, ठणठणीत आहे. त्याच जुन्या कन्व्हर्टरवर गाडी फेरचाचणीत पास झाली.

आलेख मात्र अडखळतो. दोन सेन्सर एकदम बघायला लावले की आकडे उशिरा येतात, त्यामुळे मी एकेक बघते. गाडी बंद असतानाही स्कॅनर थोडी बॅटरी खातो, काम झालं की काढून ठेवा. धुरातला वायू हा मोजत नाही, त्याला चाचणीचंच यंत्र लागतं.

माझी खरी तक्रार ‘कोड पुसा’ या बटणाबद्दल आहे. ते पहिल्याच पानावर, अगदी अंगठ्याखाली येतं. चुकून दाबलं गेलं तर कोडसोबत फ्रीझ फ्रेमची (बिघाडाच्या क्षणी इंजिन कसं चालत होतं त्याची) नोंद जाते आणि रेडीनेस मॉनिटरही (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या खुणा) कोरे होतात. जिथे चाचणी याच सॉकेटमधून घेतात, तिथे मग दुरुस्त झालेली गाडीसुद्धा परत पाठवतात. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी ते बटण आतल्या पानावर हलवायलाच हवं.