क्रॉस-कट श्रेडर आठ महिने वापरून झाला, आता लिहिते

आधी कबूल करते, घरात श्रेडर म्हणजे मला चैनच वाटायची, कागद फाडायला मशीन कशाला, हात आहेत की. बाबांची पद्धत ठरलेली, चार तुकडे करायचे नि टाकायचे टोपलीत. एकदा ती टोपली कलंडली, तुकडे गोळा करता करता सहज जुळवून बघितले तर ओळखपत्राच्या झेरॉक्सवरचा नंबर, नाव, जन्मतारीख, सगळं मिनिटाभरात समोर! कार्ड हरवलं तर ब्लॉक होतं, पिन पण दोन मिनिटांत बदलता येतो, पण ओळख क्रमांक शक्यतो जन्मभराचा आणि जन्मतारीख तर बदलायचा प्रश्नच नाही, आणि नेमकं तेवढ्यावरच कोणीतरी आपल्या नावाने कर्ज नाहीतर सिमकार्ड काढायला बघतो.

पहिला घेतला तो नुसत्या पट्ट्या काढणारा, आणि तिथे फसले. पूर्ण कागद उभा घातला तर ठीक, ओळी आडव्या कापल्या जातात आणि नंबरचे आकडे वेगवेगळ्या पट्ट्यांवर जातात. पण छोटी पावती किंवा चिठ्ठी आडवी घातली की ओळ पट्टीच्या लांबीने जाते, आणि सहा मिलिमीटरच्या पट्टीवर छापील ओळ आरामात मावते. म्हणजे मशीनने मला नंबर व्यवस्थित कापून हातात दिला, वाचा म्हणून! तो मग देऊन टाकला.

हा दुसरा क्रॉस-कट, म्हणजे उभं-आडवं दोन्हीकडून कापून बारीक तुकडे करणारा, पी-4 लेव्हलचा. घेताना 'किती पानं एका वेळी' यापेक्षा ही लेव्हल बघा, तुकडे किती बारीक होतात ते त्यावरून कळतं, खोक्यावर लिहिलेली असते. पी-2 म्हणजे त्या पट्ट्या. पी-4 मध्ये तुकडा जास्तीत जास्त 160 चौरस मिलिमीटरचा, म्हणजे एका ए-4 कागदाचे साधारण 400 तुकडे. पी-5 ला तुकडा 30 चौरस मिलिमीटरचा, एका पानाचे 2000 च्या वर, पण घरी तेवढं कशाला, शिवाय तशी मशीनं सहसा एका वेळी कमी पानं घेतात. मी आता दहाबारा कागद जमले की एकदमच करते, सगळ्यांचा चुरा एकमेकांत मिसळला की जुळवत बसणाऱ्याला शुभेच्छा.

तो शाईचा रोलर पण आणला होता, नंबरवरून फिरवला की वर अक्षरांची गिचमिड उमटते. कुरिअरच्या पाकिटावरच्या पत्त्यासाठी मस्त, पण लेझर प्रिंट थोडी चकाकते ना, कागद उजेडात तिरका धरला की खालचे आकडे दिसायला लागतात, आणि गुळगुळीत कागदावर शाई बोटाने पुसली जाते. नंबरासाठी नको.

श्रेडरच्या तक्रारी पण आहेत. आवाज मिक्सरसारखा, रात्री लावायची सोय नाही. पाचेक मिनिटं चालला की गरम होऊन बंद पडतो आणि मग अर्धा तास रुसून बसतो. जुनं कार्ड घालायची फट वेगळी आहे, पण मी चिप आधी कात्रीने आरपार कापते, मशीनच्या तुकड्यांत ती अख्खी सुटली तर काय घ्या. पात्यांना तेल द्यायचं मनावर घ्या, मी दोन महिने टाळलं तर कागद अडकायला लागले, रिव्हर्सचं बटण दाबून दाबून बोट दुखलं. आणि लहान मुलं असतील तर वापर झाला की प्लग काढूनच ठेवायचा, यात आळस नको.

तरी 5 पैकी 4. एक स्टार आवाजाला कापला.

बाबांना आता इतकं आवडलंय की जाहिरातीचे कागदसुद्धा घालतात. परवा मी त्यांच्यासमोरच फोनवरून कोणालातरी ओळखपत्राचा फोटो पाठवत होते तर म्हणाले, "अगं, आणि हा कुठल्या फटीत घालायचा?" मी हसले खरी, पण नंतर चॅटमध्ये शोधायला बसले तर माझ्याच आयडीचे सात फोटो निघाले, त्यातला एक कोणाला आणि कशासाठी पाठवला होता ते अजून आठवत नाहीये.