भिंत कशाची: दाबलेल्या मातीची की एएसी ब्लॉकची?

निसर्गावर कमी भार टाकणारं घर बांधायचं ठरलं, की भाजलेली वीट बहुतेक जण आधी बाजूला ठेवतात. भट्टीत १,००० अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय ती पक्की होत नाही. मग उरतात एएसी, म्हणजे वाफेत पक्के केलेले हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक, आणि दाबून केलेले मातीचे ब्लॉक. दोघांचा स्वभाव अगदी उलटा आहे.

एएसीमध्ये सिमेंट, चुना आणि राख किंवा वाळूच्या लगद्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात. त्यातून वायू सुटून लगदा फुगतो आणि दाबाखालच्या वाफेत सुमारे १९० अंशांवर पक्का होतो. फुटका तुकडा जवळून पाहिला तर नुसती बारीक छिद्रं. त्यांतली हवा उष्णता अडवते. मातीचा ब्लॉक याच्या जवळपास तिप्पट जड, म्हणून उंच इमारतीला एएसीच बरा. खांब-तुळयांवरचा भार कमी होतो. मात्र तो पाणी शोषतो, गिलावा नीट हवाच, आणि जड कपाट टांगायला साधा खिळा पुरत नाही.

मातीची भिंत उष्णता अडवत नाही, साठवते. दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचायला जाड भिंतीत कित्येक तास जातात, तोवर बाहेर गारवा आलेला असतो. खिडक्या उघडल्या की भिंत रात्रभर निवते. पण रात्रीही उकडत असेल, किंवा एसी चालूच राहणार असेल, तर हा फायदा हातचा जातो. तिथे माझं मत एएसीला.

मातीत सिमेंट साधारण ५ ते ८ टक्केच लागतं आणि भट्टी लागत नाही. ब्लॉक तीन-चार आठवडे ओले ठेवायचा धीर मात्र हवा. शिवाय पावसापाण्यापासून भिंत वाचवायला उंच जोतं आणि पुढे आलेलं छप्पर, यांत काटकसर नको.

एक-दोन मजली घर असेल आणि पायाच्या खड्ड्यातली माती चांगली असेल, तर मी बेधडक मातीच निवडेन. ती जोखायला वरचा पालापाचोळ्याचा थर सोडून खालची माती घ्या. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा भरा, पाणी घालून खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, वर गाळ, आणि चिकणमाती बसायला दिवस जातो. वाळूचा थर अर्ध्याहून जास्त आणि चिकणमाती पाचव्या हिश्शाच्या आसपास असेल तर काम जमलं. चिकणमातीच भरमसाट निघाली, तर वाळू लांबून आणावी लागेल. त्या वाहतुकीचं डिझेल हिशेबात धरूनच एएसीशी तुलना करा.