एचडी चॅनेल पुरे, की ब्लू-रे हवी?

मोठा टीव्ही घरी आला की हा प्रश्न पडतोच. ब्लू-रे म्हणजे चित्रपटाची डिस्क. नावाला दोन्ही ‘एचडी’च. पण प्रक्षेपणात चित्र बहुधा ७२०पी किंवा १०८०आय (म्हणजे ७२० किंवा १०८० आडव्या ओळींचं; ‘आय’मध्ये त्या एकाआड एक दाखवतात) असतं आणि एकाच लहरीवर अनेक चॅनेल दाटीवाटीने बसवलेले असतात, म्हणून चित्राची माहिती फार दाबून लहान करावी लागते. ब्लू-रेवर चित्राच्या माहितीसाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते आणि चित्रपट मूळच्या, सेकंदाला २४ फ्रेममध्येच (२४ स्थिर चित्रांत) दिसतो.

खरा फरक बघायचाय? पावसाचं दृश्य लावा. चॅनेलवर थेंबांच्या जागी चौकोनी ठिपके नाचतात, पाणी गढूळ होतं. डिस्कवर थेंब न् थेंब सुटा दिसतो. मला तर त्यानंतर चॅनेलवर चित्रपट बघवेनाच. चेहरा स्थिर असला, तर मात्र डावं-उजवं करणं अवघड.

खर्च आणि सोय यांत चॅनेल सरळ पुढे. डिस्कला ओरखड्यांपासूनही जपावं लागतं.

बातम्या, मालिका, थेट सामने बघणाऱ्यांना चॅनेल पुरे. छोटा टीव्ही लांबून बघत असाल, तरीही. आवडते चित्रपट मोठ्या पडद्यावर, जवळ बसून, पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांनी ब्लू-रेच घ्यावी.