आमच्या नगरसेविकेच्या कामाचा हिशेब: बस, पट्टा आणि दहा रुपयांची थाळी

पूर्व नागपुरातल्या आमच्या प्रभागातल्या एका नगरसेविकेच्या कामाबद्दल लिहितो आहे. नाव आणि पक्ष लिहीत नाही, कारण ते लिहिलं की लोक आधी झेंडा बघतात आणि पुढचं वाचत नाहीत. मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. हॉटेलाबद्दल, मोबाईलच्या दुकानाबद्दल लोक चार शब्द लिहितात. मग जिच्या दारात रहिवासी दाखल्यापासून नळाच्या तक्रारीपर्यंत अख्खी वस्ती उभी असते, तिच्या सेवेबद्दलही कोणीतरी लिहायला पाहिजे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. ३८ प्रभाग, १५१ सदस्य, निम्म्या जागा महिलांच्या. ताई तेव्हा पहिल्यांदा निवडून आल्या. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, महापालिकेवर प्रशासक आले आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे जवळजवळ चार वर्षं शहरात एकही नगरसेवक नव्हता. त्या काळात आमच्याकडची बरीच जनसंपर्क कार्यालयं बंद पडली. ताईंच्या घराखालची खोली मात्र सकाळी उघडायची. हातात निधी नाही, सहीचा अधिकार नाही, तरी दारात चपला दिसायच्या. माझं मत पदावरच्या पाच वर्षांपेक्षा या चार वर्षांवरून जास्त बनलं आहे.

आधी बसबद्दल, कारण त्यातलं मला कळतं.

मेट्रोची ॲक्वा लाईन जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली ती लोकमान्य नगर ते सीताबर्डी एवढीच. सीताबर्डी ते प्रजापती नगर हा आमच्या बाजूचा तुकडा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. वस्तीतल्या बाया स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला जातात त्या शंकर नगर, धरमपेठ, सुभाष नगरकडे. आता प्रजापती नगरला बसलं की गाडी न बदलता ही सगळी ठिकाणं एका रांगेत लागतात. पण घरून स्टेशनपर्यंत जायचं कसं? शेअर ऑटोचे जाण्यायेण्याचे पैसे मेट्रोच्या तिकिटात मिळवले, तर एका घरच्या भांड्यांची मजुरी प्रवासातच संपते.

ताईंनी या कामाला मेट्रो येण्याआधीच हात घातला होता. वस्तीच्या आतून शहर बस न्यायची तर कोपऱ्यावर गाडी वळत नाही, असं उत्तर त्यांना मिळालं होतं. त्या नकाशा घेऊन माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, ‘काकाजी, तुमी जिंदगीभर गाडीत फिरले. ही इथून वळन का नाही, तेवढं सांगा मले.’ मी म्हटलं, बारा मीटरची मोठी बस वळणार नाही, मिडी म्हणजे मधल्या आकाराची वळेल. संध्याकाळी टेप घेऊन दोघं कोपऱ्यावर गेलो. एका अंगाला विजेचा खांब, दुसऱ्या अंगाला गडरच्या, म्हणजे गटाराच्या झाकणाजवळ पानठेला. खांब हलवायचा तर आधी एस्टिमेट, मग डिमांड नोट, मग पैसे भरणं, मग लाईन बंद ठेवायची तारीख. पैसे त्यांनी वॉर्ड निधीतून भरले, तो भाग सोपा होता. एकेक कागद पुढच्या टेबलावर सरकला का, हे बघण्यात खरे दिवस गेले. त्यासाठी त्या स्वतः जायच्या, नवऱ्याला पाठवत नसत. महिला राखीव जागेवर बाई निवडून येते आणि कारभार नवरा बघतो, हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की याची नोंद करावीच लागते. पानठेलेवाल्याला त्यांनी रस्त्याच्या समोरच्या बाजूला जागा बघून दिली आणि मगच ठेला हलला.

बस सुरू झाली, आणि पुढे भारमान कमी म्हणून फेऱ्या कापायची गोष्ट निघाली. भारमान म्हणजे गाडीतल्या आसनांपैकी किती भरली त्याचं प्रमाण. दिवसभराची सरासरी काढली तर वस्तीतला कोणताही मार्ग तोट्यात दिसतो, कारण भर दुपारी गाडी रिकामी फिरते. त्यात आपल्या शहर बसचा व्यवहार असा की बस चालवणाऱ्या कंत्राटदाराला महापालिका किलोमीटरमागे पैसे देते, गाडीत माणसं कितीही असोत. रिकामी फेरी सरळ महापालिकेच्या अंगावर पडते आणि कात्री लागते ती टोकाच्या मार्गांना. मी ताईंना म्हटलं, दिवसाचं भारमान मागू नका, वेळेप्रमाणे मागा. सकाळी सहा ते नऊचा आकडा कागदावर आला की कोणी फेरी बंद करू म्हणणार नाही. त्यांनी परिवहन समितीसमोर नेमका तोच आकडा मागवला. मधल्या वेळच्या फेऱ्या गेल्या, सकाळच्या आणि बाया परतायच्या वेळच्या टिकल्या. मेट्रो आल्यावर, पद नसताना, पत्रांमागून पत्रं देऊन तीच गाडी स्टेशनवरून फिरवून घेतली. एसटीत इतकी वर्षं काढल्यावर मी सांगतो, नवा मार्ग सुरू करायला पुढारी खूप मिळतात, हिरवी झेंडी दाखवताना फोटोही निघतो. चालू मार्ग टिकवायला कोणी येत नाही.

आता पट्टा, म्हणजे घराखालच्या जमिनीचा हक्काचा कागद. हे काम सगळ्यात अवघड आणि माझ्या मते ताईंचं सगळ्यात मोठं.

बाहेरच्यांना वाटतं झोपडपट्टीत राहणाऱ्याला घर पाहिजे. आमच्याकडे घरं आहेत, विटांची आहेत, काहींना स्लॅब आहे. नाही तो कागद. पायाखालची जमीन कोणाची, हा पहिला प्रश्न. नागपुरात एकाच वस्तीत एक गल्ली महापालिकेच्या जागेवर, दुसरी नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या), तिसरी नझुलच्या म्हणजे शहरातल्या सरकारी जमिनीवर, आणि नशीब वाईट असेल तर सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन असं लिहिलेलं. प्रत्येकाचं ऑफिस वेगळं, साहेब वेगळा, फॉर्म वेगळा. झुडपी जंगलाचा घोळ तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मे २०२५ च्या निकालात ती जमीन वनजमीनच धरली, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या आधीच्या वाटपांना नियमित करायची वाट ठेवली.

ताईंनी पहिलं काम केलं ते गल्लीवार यादीचं. कोणतं घर कोणाच्या जमिनीवर, हे त्यांनी खोलीतल्या भिंतीवर नकाशा लावून रंगवलं. लोक येऊन नकाशावर आपलं घर शोधायचे आणि बोट ठेवून उभे राहायचे. मग पीटीएस सर्वे आला, म्हणजे एकेक घर मोजून नकाशावर घेणं. मोजणीच्या दिवशी दार बंद असलं तर ते घर राहून जातं, आणि आमच्याकडे सकाळी दहाला निम्मी दारं बंद असतात कारण माणसं कामावर. ताई आदल्या रात्री गल्लीत फिरून सांगायच्या, उद्या एक जण घरी थांबा, रोजी बुडाली तरी थांबा.

पुढे पुरावा. अतिक्रमण १ जानेवारी २०११ च्या आधीचं असल्याचा कागद लागतो: मतदार यादी, विजेचं बिल, टॅक्सची पावती. आमच्या गल्लीत एक विधवा बाई आहे, धुणीभांडी करते. मतदार यादीत तिच्या नावापुढे ‘बाई’ लागलेलं होतं, आधारवर नव्हतं. एवढ्यावरून एका कार्यालयाने तिची फाईल परत केली. ती घरी येऊन रडत बसली, तिला वाटलं घरच गेलं. ताईंनी तिला सोबत नेलं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि फाईल पुन्हा आत जाईस्तोवर बाकावर बसून राहिल्या. तिचा पट्टा झाला. त्यावर पंतप्रधान आवास योजनेतून, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठी जो भाग आहे त्यातून, अडीच लाख मंजूर झाले: केंद्राचे दीड, राज्याचा एक. हे पैसे एकदम मिळत नाहीत. पाया झाला की फोटो, लिंटेल (दार-खिडक्यांवरची तुळई) झाली की फोटो, छत टाकलं की फोटो, आणि प्रत्येक फोटो जागेच्या नोंदीसकट सिस्टीमवर चढल्यावर पुढचा हप्ता. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात विटा-सिमेंटवाल्याची उधारी असते आणि माणूस शेजाऱ्याच्या पडवीत राहतो. ही मधली उधारी कशी भागवायची, याचं उत्तर ताईंकडेही नव्हतं. बचत गटातून थोडं कर्ज मिळवून दिलं, ते पुरलं नाही, बाईने कानातले मोडले. योजनेच्या जाहिरातीत पूर्ण झालेल्या घरासमोर हसणारं कुटुंब असतं. हा मधला भाग ज्याने बघितला नाही त्याला घरकुल म्हणजे काय ते कळत नाही.

तिचं घर आता उभं आहे. दारावर तिचंच नाव आहे, रंग अजून लावायचा आहे.

खाण्याच्या बाबतीत ताईंचं काम दोन ठिकाणी दिसतं. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, मूदभर भात. कोरोनात आधी ती पाच रुपयांना आणि पुढे काही महिने फुकट होती. आमच्या बाजूचं केंद्र एका महिला बचत गटाला मिळालं, त्यात ताईंनी अर्जापासून मदत केली. मी तिथे जेवलो आहे. वरण पातळ असतं पण गरम असतं, चपात्या बाया तिथेच लाटतात, भाजीत कांदा कमी आणि तिखट आपल्या वऱ्हाडी हाताचं. ताट घ्यायच्या आधी ॲपवर फोटो काढतात. हमालीचं काम करणारे म्हातारे आधी तोंड फिरवायचे, त्यांना वाटायचं हा फोटो गरीब म्हणून कुठे छापतील. ताईंनी एक दिवस स्वतःचा फोटो काढून घेतला, दहा रुपये दिले आणि त्यांच्या पंगतीत बसून जेवल्या. तेव्हापासून कुरकूर थांबली. अडचण अनुदानाची आहे. शहरात एका थाळीमागे सरकार वरचे चाळीस रुपये देतं, ते उशिरा आले की किराण्याची उधारी बायांच्या डोक्यावर बसते. चाळीस रुपये थकवून गरिबाला दहा रुपयांत जेवू घालायची जबाबदारी सहा-सात गरीब बायांवर टाकणं मला पटत नाही, आणि हे मी ताईंना तोंडावर सांगितलं आहे.

दुसरं राशनचं. आमच्याकडे छत्तीसगड आणि बालाघाटकडचे बांधकाम मजूर पुष्कळ. त्यांना माहीतच नव्हतं की गावच्या कार्डावर इथल्या दुकानातही धान्य मिळतं. ताईंनी त्यांच्या झोपड्यांत जाऊन कार्डाचा नंबर बघितला आणि माणसं सोबत घेऊन दुकानात गेल्या. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डामागे पस्तीस किलो, आणि २०२३ पासून ते फुकट. गवंडीकामाने ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा घासल्या आहेत त्यांचा ठसा मशीन घेत नाही. तिथे त्यांना धान्य कसं द्यायचं, हे भांडून ठरवावं लागतं, आणि ताई भांडतात.

आता जिथे त्या कमी पडल्या ते. सिमेंट रस्ता करताना त्याची उंची घरांच्या जोत्याशी जुळवून घ्यायला पाहिजे होती. घेतली नाही. जोराच्या पावसात मागच्या दोन गल्ल्यांत पाणी घरात येतं, आणि लोक दाराशी विटांचा बांध घालतात. हे त्यांच्याच कार्यकाळातलं काम आहे, त्यांनी तेव्हा कंत्राटदाराला थांबवायला हवं होतं. भाजीवाल्यांसाठी ओटे करून देण्याचं २०१७ मध्ये बोलल्या होत्या, ते ओटे अजून नाहीत. भाजीवाल्या बाया चौकात गोणपाटावरच बसतात आणि गाडी आली की टोपली उचलून पळतात. वाढदिवसाचे फ्लेक्स त्यांचेही लागतात, थांब्याच्या मार्गफलकावरसुद्धा, मग नवख्या माणसाला बस कुठे जाते ते वाचता येत नाही. संध्याकाळी फोन उचलत नाहीत.

तरी ज्याला पट्टा, राशन कार्ड, आवास योजना यातलं काही अडलं असेल त्याने त्यांच्याकडेच जावं, दुसऱ्या प्रभागातला असला तरी. वाट नक्की दाखवतात. नोकरी लावून द्या, शाळेत नंबर लावून द्या, पोलीस स्टेशनला फोन करा, अशा कामासाठी जाऊ नये, त्या स्पष्ट नाही म्हणतात आणि मला ते योग्य वाटतं. सकाळी लवकर गेलेलं बरं, नंतर गर्दी होते. पट्ट्यासाठी जाणार असाल तर जुनं वीजबिल, टॅक्स पावती आणि घरातल्या सगळ्यांचं आधार घेऊन जा, आणि निघायच्या आधी सगळ्या कागदांवरची नावं एकमेकांशी ताडून बघा. भाजीवाल्यांच्या ओट्यांचं विचारायला विसरू नका. चार जणांनी विचारलं तर यंदा होईल.