सर्फबोर्डला टिंट की एअरब्रश? दोन्ही वापरून झाल्यावर

सध्या माझ्याकडे दोन रंगीत बोर्ड आहेत. एक नऊ फुटी लाँगबोर्ड, संपूर्ण गडद हिरव्या टिंटचा, वरून ग्लॉस (चकचकीत शेवटचा थर) आणि पॉलिश केलेला. दुसरा शॉर्टबोर्ड: डेक (उभं राहायची वरची बाजू) पांढरा, तळाला एअरब्रशने नारंगीतून निऑन पिवळ्यात उतरत गेलेला रंग. दोन्हींचा फोम पॉलियुरेथेनचा, रेझिन (ओतल्यावर कडक होणारं द्रव) पॉलिएस्टरचं. कित्येक महिने दोन्ही आलटून-पालटून वापरल्यावर हे लिहितेय. बोर्ड बनवून घेताना लांबी, रुंदी, फिन यांवर तासन्‌तास खल होतो आणि रंग शेवटी घाईघाईत सांगितला जातो. खरं तर तो आधी ठरवायला हवा, कारण रंग बोर्डाच्या कुठल्या थरात बसतो त्यावर वजन आणि दुरुस्ती दोन्ही अवलंबून असतात.

फोमला आकार दिला की त्यावर फायबरग्लासचं कापड अंथरून रेझिन ओततात. टिंटमध्ये रंग या रेझिनमध्येच कालवलेला असतो, म्हणजे बोर्डाची कातडीच रंगीत. एअरब्रशमध्ये पाण्यात कालवलेला अ‍ॅक्रिलिक रंग थेट फोमवर फवारतात आणि त्यावर बिनरंगी रेझिनचं कवच चढतं. ग्लासिंग, म्हणजे हे कवच चढवणं, झाल्यावर वरून रंग मारायचीही पद्धत आहे, पण त्या रंगावर संरक्षण जवळजवळ नसतं. वाळू आणि बोर्डाच्या पिशवीची चेन त्याची लवकरच वाट लावतात. मी बोलतेय ते फोमवरच्या रंगाबद्दल.

आधी टिंट. हिरवा बोर्ड पहिल्यांदा पाण्याजवळ नेला तेव्हा लोक थांबून बघत होते आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. रेलवर (बोर्डाच्या कडेवर) डेकचं आणि तळाचं कापड एकमेकांवर येतं तिथे रंग दुप्पट गडद होतो आणि कडेने एक जाड पट्टा उमटतो. त्याची कड नीट यावी म्हणून मास्किंग टेप लावून, रेझिन अर्धवट घट्ट झालं असताना तिथे ब्लेड फिरवावं लागतं. वेळ चुकली की कड फाटते. त्यामुळे हे काम कुणाकडूनही करून घेण्यासारखं नाही. पारदर्शक टिंट काही लपवतही नाही. पॉलिश पेपरचे ओरखडे, फोममधली बारीक छिद्रं, पेन्सिलच्या रेघा, सगळं आरपार दिसतं. माझ्या बोर्डावर शेपरने (फोमला आकार देणाऱ्याने) स्ट्रिंगरशेजारी (फोममधल्या उभ्या लाकडी पट्टीशेजारी) लिहिलेली मापं हिरव्यातून स्पष्ट वाचता येतात. मला ते छान वाटतं. ज्यांना नको असेल त्यांनी अपारदर्शक रंग, म्हणजे पिगमेंट, मागावं.

पण खरी गंमत कळते ती बोर्ड जुना व्हायला लागल्यावर. पाय पडतात तिथे डेकला पोचे येतातच, कुठल्याही बोर्डाला येतात. गडद टिंटवर मात्र प्रत्येक पोच्याच्या कडेला पांढरट कोर उमटते, कारण तिथे दाबाने काचेचे धागे आणि रेझिन एकमेकांपासून सुटलेले असतात. माझ्या हिरव्या डेकवर मागच्या पायाच्या जागी अशा अर्धगोल रेघांची रांगच आहे. शॉर्टबोर्डवर कापड पातळ असल्याने पोचे त्याहून जास्त आहेत, पण पांढऱ्या डेकवर ते नजरेला दिसत नाहीत, हात फिरवला तरच लागतात. म्हणजे गडद टिंटचा बोर्ड असतो त्यापेक्षा लवकर म्हातारा दिसतो. उलट, फोम उन्हाने पिवळा पडतो ते टिंटखाली झाकून जातं. शॉर्टबोर्डचा डेक आता पांढरा म्हणवत नाही.

एअरब्रशची कमजोरी वेगळ्या ठिकाणी आहे. रेलला एकदा खडक लागला आणि कापडाचा छोटा तुकडा उचकटला. त्या तुकड्याच्या आतल्या बाजूला नारंगी रंग चिकटून आलेला आणि खाली फोम पांढराफटक! रेझिन फोमला धरून बसायच्या ऐवजी रंगाला धरून बसलं होतं. रंग जाड फवारला की पकड सैल होते आणि पुढे कापड फोमपासून सुटायचा धोका वाढतो. म्हणून पातळ हात मारणारा माणूस शोधा, आणि पाय पडतात त्या डेकवर गडद, भरगच्च चित्र काढून घेऊ नका. तळाला चालतं, तिथे तेवढा दाब येत नाही. निऑन रंगाचा मोह आवरा. माझं पिवळं टोक चांगलंच विटलंय, नारंगी अजून बऱ्यापैकी टिकून आहे.

दुरुस्तीत एअरब्रश सरळ जिंकतो. फुटलेली जागा भरा, घासा, जवळपासचा रंग फवारा, वरून कापड आणि बिनरंगी रेझिन. एकातून दुसऱ्यात उतरणारा रंग असेल तर थोडा फरक खपूनही जातो. टिंटचं ठिगळ मात्र लपत नाही. पातेल्यात रेझिन जे दिसतं ते कापडावर पातळ पसरल्यावर तसं दिसत नाही, आणि ठिगळाची कड जुन्या टिंटवर चढते तिथे पुन्हा दुप्पट गडद. माझ्या लाँगबोर्डच्या पुढच्या टोकाजवळचं ठिगळ चांगल्या हाताचं आहे, तरी चार पावलांवरून ओळखू येतं. अपारदर्शक रंगाला जुळवणं त्या मानाने सोपं जातं.

वजनाचं थोडक्यात सांगते. फवारलेल्या रंगाचं वजन जाणवत नाही. टिंटमध्ये रेझिन फार निपटून काढलं तर फिके चट्टे दिसतात, म्हणून ते थोडं जास्तच ठेवावं लागतं, त्यावर पुन्हा ग्लॉसचा थर. लाँगबोर्डला हे वजन उपकारकच ठरतं, एकदा वेग घेतला की तो सहज थांबत नाही. चपळ शॉर्टबोर्डला तेच वजन कशाला?

ऊन हा मात्र गडद रंगाचा, मग तो कसाही लावलेला असो, शत्रू नंबर एक. हिरवा बोर्ड उन्हात ठेवला की पाय घसरू नये म्हणून लावलेलं वॅक्स बघता बघता पातळ होतं. फोम तापून आतली हवा फुगते आणि कापड उचललं जाऊ शकतं. ईपीएस (थर्मोकोलसारख्या) फोमच्या बोर्डाला तर काळा, गडद निळा असले रंग घेऊच नका. त्यावर पॉलिएस्टर रेझिन चालत नाही, त्यातलं स्टायरीन फोम विरघळवून टाकतं, म्हणून इपॉक्सीच लागतं. टिंट त्यातही होतो, फक्त फिका निवडा.

घरी स्वतः करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बोर्डाच्या एका बाजूला लागेल तेवढं रंगीत रेझिन एकाच भांड्यात कालवा आणि मग त्यातून घेत कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) घाला. मध्येच संपलं तर दुसरं भांडं तंतोतंत जुळणार नाही. आणि उन्हात घट्ट होणाऱ्या यूव्ही रेझिनमध्ये दाट पिगमेंट घालू नका. प्रकाश आतपर्यंत पोचत नाही, वरचा थर कडक होतो आणि खाली चिकट राहतं. तिथे साधं कॅटॅलिस्टचं रेझिनच बरं.

आता मित्रमंडळी विचारतात तेव्हा मी विचारते, बोर्ड किती वर्षं ठेवणार? दोन कापडांचा, भरभक्कम लाँगबोर्ड किंवा फिश (माशासारख्या शेपटीचा रुंद बोर्ड) हौसेने सांभाळणार असाल तर टिंट घ्या, मधल्या छटेचा. वर्षा-दोन वर्षांत पिळून काढायचा शॉर्टबोर्ड असेल तर तळाला पातळ एअरब्रश, नाहीतर पांढराच ठेवा. माझा पुढचा बोर्ड तळाला आणि रेलला फिका निळसर टिंट, डेक बिनरंगी, असा सांगून झालाय.