ल्यों सिटी कार्ड: आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर घ्याच

फ्रान्सला जाणाऱ्या आपल्या लोकांच्या प्लॅनमध्ये पॅरिस असतं, मग थेट स्वित्झर्लंड, आणि मधलं ल्यों कुणी बघतच नाही, मला हे मनापासून खटकतं. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून टीजीव्ही, म्हणजे तिथली हायस्पीड ट्रेन, पकडली की साधारण दोन तासात तुम्ही ल्योंच्या पार-द्यू स्टेशनवर. फ्रान्सची पहिली टीजीव्ही 1981 साली याच दोन शहरांमध्ये सुरू झाली. वीकेंडला जोडून सहज होण्यासारखं आहे.

आम्ही आई-बाबांना घेऊन गेलो होतो, दोघांचेही गुडघे दुखतात, म्हणून सिटी कार्ड घेतलं. हे 24, 48, 72 आणि 96 तासांचं मिळतं, त्यात मेट्रो, बस, ट्रॅम, फ्युनिक्युलर (टेकडी चढणारी केबलवरची रेल्वे) सगळं येतं, शिवाय वीसेक म्युझियम्स, गाइडबरोबरचा वॉक आणि सीझन असेल तर नदीतली बोट. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी 48 तासांचं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, 24 तासांत नुसती पळापळ होते. एअरपोर्टवरून येणारी रोनएक्सप्रेस ट्रॅम मात्र साध्या कार्डात नाही, तिचे पैसे वेगळे धरा.

आता खरं सांगते, ल्योंमधल्या कितीतरी भारी गोष्टी फुकटच आहेत. फुर्व्हियेर टेकडीवरची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, फुकट, खालचं सँ-जाँ कॅथेड्रल फुकट, टेकडीवरचं रोमन थिएटर पण फुकट. मग कार्ड कशाला? तर चढासाठी. व्ह्यू ल्यों स्टेशनवरून फ्युनिक्युलर थेट बॅसिलिकेच्या समोर नेऊन सोडते, आणि वरून खाली रोन आणि सोन या दोन्ही नद्या, लाल कौलांची जुनी वस्ती, सगळं शहर दिसतं. आई तिथल्या कठड्यापाशी उभी राहिली ती हलेचना. हीच चढण पायी करायला लावली असती तर वर पोचेपर्यंत बघायची इच्छाच राहिली नसती.

रोमन थिएटरला लागूनच लुगदुनुम म्युझियम आहे, ते कार्डात येतं, ते सोडू नका. ल्यों हे रोमन लोकांनी इ.स.पू. 43 मध्ये वसवलेलं शहर, सम्राट क्लॉडियसचा जन्म इथलाच, आणि त्याचं इ.स. 48 मधलं भाषण कोरलेला ब्राँझचा पत्रा इथे ठेवलाय. गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या, पुढाऱ्यांनाही रोमच्या सिनेटमध्ये जागा द्या असं तो त्यात म्हणतो. अक्षरं इतकी स्वच्छ आहेत की लॅटिन येत नसलं तरी बोटाने ओळ धरून वाचावंसं वाटतं.

गाइडचा वॉक आधी बुक करा, आयत्या वेळी जागा मिळेल याच्या भरवशावर राहू नका. जुन्या ल्योंमध्ये घरांच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणाऱ्या बोळकांड्या आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात. 54 रू सँ-जाँ या दारातून आत शिरलात की अंगणं, जिने, कमानी ओलांडत ओलांडत तुम्ही 27 रू द्यू बफला बाहेर येता, जुन्या वस्तीतला सगळ्यात लांब त्राबूल हाच. बाहेरून ते एक साधं बंद दार दिसतं, शेजारचं बटण दाबायचं आणि ढकलायचं. पण आत लोक राहतात हो, लेटरबॉक्स आहेत, सायकली लावलेल्या आहेत, तेव्हा हळू बोला आणि शक्यतो सकाळीच जा.

आमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट मात्र दुसऱ्या टेकडीवर होती, क्रुआ-रूसला. मेट्रोची सी लाइन दातेरी रुळावरून तिथे चढते. ही रेशीम विणणाऱ्यांची, म्हणजे कानूंची वस्ती, माग चार-चार मीटर उंच म्हणून घरांची छतं पण तेवढीच उंच. 1831 साली मजुरीच्या दरावरून हेच विणकर रस्त्यावर उतरले, काम करून जगू नाहीतर लढून मरू असं त्यांच्या काळ्या झेंड्यावर होतं. आणि ज्या जॅकार्डच्या नावाने आपल्याकडे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणारा जॅकार्ड माग ओळखला जातो तो याच शहराचा, 1752 चा जन्म. बाबांनी सोलापुरात आयुष्यभर चादरींच्या मागावर काम केलंय. मेझों दे कानू या विणकरांच्या म्युझियममध्ये तिथल्या बाईंनी माग चालवून दाखवला, भोकांची कार्डं एकेक करून पुढे सरकली, वरच्या दोऱ्या उचलल्या गेल्या, आणि बाबा माझ्या भाषांतराची वाटच न बघता मान हलवायला लागले. मग त्यांनी हाताने खूण करून मधला एक दोरा तुटला तर कसं जोडता ते विचारलं, बाईंनी जोडून दाखवलं, दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघंही दहा मिनिटं बोलत होते. माग, हातमाग, पैठणी यातलं कुणीही तुमच्या घरात असेल तर त्यांना इथे आणाच.

खाण्याचं म्हणाल तर ल्यों खवय्यांचं शहर, पण बुशों नावाच्या तिथल्या पारंपरिक खाणावळींत मेन्यू मांसाहाराचा. शाकाहारी असाल तर सेर्वेल द कानू मागा, ताज्या चीजमध्ये लसूण, कांद्याची पात वगैरे घालून केलेलं, ब्रेडबरोबर झकास लागतं. बटाट्याचं ग्रातँ (क्रीम घालून ओव्हनमध्ये भाजलेलं) पण मिळतं, आणि गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा, टार्ट तर हवाच. कनेल हे मऊ गोळे बघून फसू नका, त्यात बहुतेकदा मासा असतो. दुपारचं जेवण दोनच्या आत उरका, नंतर किचन बंद होतं ते थेट संध्याकाळी सातपर्यंत. रविवारी पण बरंच बंद असतं, शनिवारीच काहीतरी आणून ठेवा.

वार बघूनच कार्ड घ्या, हे फार महत्त्वाचं. लुगदुनुम आणि दोन्ही नद्यांच्या संगमावरचं कॉन्फ्ल्युआन्स म्युझियम (2014 मध्ये उघडलेलं, बिल्डिंगच बघत राहावी अशी) सोमवारी बंद, आणि बो-झार हे चित्र-शिल्पांचं म्युझियम मंगळवारी बंद. सोमवार-मंगळवार गाठून गेलात तर कार्डाचे पैसे वसूल होणं अवघड आहे. शुक्रवार ते रविवार ठेवा, राहायला प्रेस्किल भागात, म्हणजे दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, बेलकूर चौकाजवळ बघा, तिथून ए आणि डी दोन्ही मेट्रो मिळतात आणि व्ह्यू ल्यों डी लाइनवर पुढचंच स्टेशन आहे.